साडेतीन पायांवरचे शास्त्र

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. ज्यू धर्मग्रंथाचा सारा भार माझ्या चार भक्कम पायांवर उभा आहे. म्हणजे परवापरवापर्यंत भक्कम तीनच होते. चौथा अर्धा उरला होता आणि त्याच्याखाली वीट होती.

नवे होते तेव्हा लोक माझ्या पॉलिशमध्ये भांग बघत. पुढे मी प्रार्थनास्थळामागच्या अभ्यासाच्या खोलीत आले. तिथे निवृत्त शिंपी आणि त्यांचे मेव्हणे घड्याळजी रोज दुपारी एकाच उताऱ्यावरून भांडत. त्या उताऱ्यात देशोधडीला लागलेले ज्यू लोक परत येतात, पडलेले मंदिर बांधायला घेतात. शत्रू येऊन म्हणतात, 'आम्हीही हात लावतो. आम्ही तुमच्यासारखेच, तुमच्याच देवाला भजतो.' पुढारी साफ नकार देतात.

"बरोबर केलं!" शिंपी म्हणत. "पुढे त्यांनीच काम बंद पाडलं की नाही?"

"नकार दिलात म्हणून पाडलं, दाजी! आधी माणसाला घरात तरी घ्या!" असे म्हणून घड्याळजी माझ्यावर मूठ आपटत. वीट सरके आणि मी भिंतीवर आदळे.

भिंतीपलीकडे एक सुतार राहत असे. आवाजावरून त्याच्या तक्रारी करून झाल्या होत्या, बोलणेही बंद होते. शेवटी मला जळणात काढायचे ठरले. त्याच दुपारी सुतार करवत घेऊन दारात उभा!

"टेबलाचा पाय बसवून देतो. फुकट."

माझा खिळान् खिळा कान देऊन ऐकू लागला.

घड्याळजी दाजींच्या कानाशी लागले. "फुकट? काहीतरी काळंबेरं आहे. नाही म्हणा."

शिंप्यांनी चष्मा वर सारला. "का हो, एकदम एवढी माया?"

"माया कसली डोंबलाची! जेवून जरा आडवा झालो की भिंतीवर धाड! माझ्या झोपेचं खोबरं झालंय."

"म्हणजे आमच्या ग्रंथासाठी नाही?"

"नाही."

"तुम्हीही आमच्यासारखेच, म्हणून?"

"तुमच्यासारखा? देवा, वाचव!"

शिंप्यांनी उताऱ्यावर बोट टेकवले. "ते गोड बोलले आणि हेतू पोटात ठेवला. याने हेतू आधी दारात आणून टाकला. येऊ दे त्याला आत."

पाय बसला. आता सुतार दुपारी झोपतच नाही. इथेच बसून शत्रूंची बाजू मांडतो, आणि सगळ्यात जोरात मूठ तोच आपटतो. मी हलत नाही.

तेव्हा मित्रांनो, मदतीला आलेल्याचा हेतू जरूर विचारा; फक्त उत्तर येईपर्यंत दार लावू नका. बाकी माझे काही मागणे नाही. तेवढा चहाचा पेला ठेवताना खाली बशी घ्या.