बरणीवरचा आळ

गाडीत वास येतो तो आईच्या लोणच्याचा, असं माझा मुलगा पारिसा चार माणसांच्या देखत बोलला. अन्न टाकायचं न्हाई म्हणून मी पानातली भाकरी संपवली आणि मगच उठले. पण उठले ती गप्प होऊनच. मी गप्प झाले की आमच्या निपाणीच्या घरात माणसं पाय न वाजवता चालतात.

साठ वर्षं मी लोणचं घालते. पाण्याचा थेंब लागला की तिथं जीव धरतो, एवढं एक शास्त्र मला माझ्या सासूनं शिकवलं आणि तेवढ्यावर मी संसार केला. कैरी पुसून घ्यायची, फोडी उन्हात, बरणी उन्हात, डाव कोरडा. ओला हात बरणीत घालणाऱ्याचं मनगट मी धरलेलं आहे, मग तो नवरा असो की व्याही. माझ्या बरणीवर आजवर पांढरा ठिपका धरला न्हाई. आणि ह्याचं म्हणणं, कुबट वास तो माझ्या बरणीचा!

झालं होतं असं. ज्येष्ठात आम्ही बेळगावला नणंदेकडं गेलो. पुढच्या सीटवर मी, माझ्या पायाशी बरणी. पुढं महिन्याभरात एसी लावला की गाडीत वास सुटायला लागला. भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरावं, तसला. पारिसानं माझ्या पायाखालचं मॅट चाचपलं, ते ओलं लागलं. झाला निकाल. साक्ष न्हाई, पुरावा न्हाई.

"आई, बरणी पाझरली बघ तुझी."

मग उपचार सुरू झाले. पारिसानं आरशाला मोगऱ्याच्या वासाची कुपी टांगली, तर मोगऱ्यात भिजवलेल्या पोत्याचा वास यायला लागला. सून चंदनानं कापूर ठेवला. मग गाडीत बसलं की आधी आरती चालल्यागत वाटायचं आणि दोन मिनिटांनी पोतं आरतीला येऊन बसायचं. मॅट तिनं चार वेळा धुऊन वाळवलं. परत ओलं. आता मला सांगा, बरणी जाऊन तीन महिने झाले, ती बेळगावातनं पाझरत होती काय? पण शिकलेल्या माणसाला एवढा साधा प्रश्न पडत न्हाई.

तोवर मी नुसत्या अबोल्यावर भागवलं. पण शुक्रवारी क्षमाचा फोन आला. क्षमा म्हणजे पारिसाची लेक, माझी नात; बापाला आप्पा म्हणते. सदलग्याला दिलीय. सातवा महिना लागलेला. रविवारी तिचं डोहाळजेवण आणि तिथनंच तिला बाळंतपणाला घरी आणायची, असं ठरलेलं.

"आज्जी, लोणचं आण गं. दुसरं काय गोडच लागंना झालंय."

"अख्खी बरणी आणते, माझे बाई."

"आन् आप्पांना सांग, गाडीतला तो वास घालवा. मागच्या डावाला दोनदा उतरून ओकली मी. तसला वास आसंल तर मी गाडीत बसणार न्हाय. बसनं येती."

सात महिन्यांची पोटुशी पोर बसनं येणार, त्या रस्त्यानं! मी फोन ठेवला तर पारिसा शेजारीच उभा.

"ऐकलंस न्हवं, आई? ह्या खेपेला बरणी न्हाय गाडीत. पायजे तर कंडक्टरकडं दिऊया."

"बरणी कंडक्टरकडं?"

"मग काय करू? पोरगी बसंना झालीया गाडीत."

"बरणी येणार न्हाय तर मीबी येणार न्हाय. सांग तिला, आज्जी कंडक्टरची वाट बघत बसलीया म्हणून."

बोलले खरं, पण रात्रभर जिवाला लागलं. एकुलत्या नातीचं डोहाळजेवण, आणि मी घरात भिंतीकडं तोंड करून बसायचं? आणि गेले असते तर काय, चोरासारखं रिकाम्या हातानं?

शनिवारी सकाळी देवदर्शन करून आले ती सरळ गाडीत जाऊन बसले. दार लावून घेतलं. नाक माझं अजून शाबूत आहे. तंबाखूच्या वखारीत कुठली पेंडी ओली, ते मी नवी नवरी असताना दारातनं सांगायची आणि सासरे पैज जिंकायचे. बसले, हुंगलं. वास न्हाई. मॅट हुंगलं. ओलं आहे, पण लोणचं न्हाई, मोहरी न्हाई, हिंग न्हाई.

"पारिसा! गाडी चालू कर. एसी लावू नको."

"आई, आंघोळ व्हायचीया माझी."

"गाडीला तुझा वास येत न्हाय, घाबरू नको. ये."

गाडी चालू झाली. वास न्हाई. एसी लावायला सांगितलं. पुढच्या जाळीतनं हवा आली आणि तिच्याबरोबर ते पोतं आलं.

"कुठनं आला वास? माझ्या पायातनं, का तुझ्या जाळीतनं?"

पारिसानं जाळीला नाक लावलं. मी चंदनाला हाक मारली, कालचा पेपर मागवला. एका बाजूला बरणीतल्या खाराचा थेंब सोडला, दुसऱ्या बाजूला मॅट पिळून पाणी. पेपर उन्हात ठेवला. पाण्याचा डाग बघता बघता वाळून गेला. खाराच्या तेलाचा डाग तसाच, पलीकडची बातमी वाचता येईल इतका आरपार.

"लोणचं पाझरलं आसतं तर तेल सांडलं आसतं. हे पाणी हाय. पाण्याचं लोणचं तुझी आई घालत न्हाय."

चंदना पेपर बघत होती, एकदम म्हणाली, "आत्ती, एक सांगू? पयल्यांदा गाडी लावली की खालनं पाणी ठिबकायचं. माझ्या रांगोळीवर. लई चिडायची मी. आता किती दिस झालं, रांगोळी कोरडीच हाय."

"आन् हे आत्ता सांगतीस?"

"रांगोळी वाचली म्हणून गप बसली की, आत्ती."

सुनेला मी सहसा शहाणी म्हणत न्हाई, सवय लागते. पण त्या दिवशी म्हटलं. एसीचं बाहेर पडायचं पाणी बाहेर पडेना झालंय, म्हणून ते आत उतरतंय. मोरीचं तोंड बुजलं तर न्हाणीघरात काय होतं, ते पुरुषमाणसाला कुठं ठाऊक?

पारिसानं भरमूला बोलावलं. भरमू गाड्यांचा मिस्त्री, कामाला चांगला, तोंडाला फटकळ. म्हणून माझं त्याचं जमतं. आल्या आल्या त्यानं पिशवीतनं एक डबा काढला.

"आक्का, आत बुरशी धरलीया. ह्यो फवारा मारला की मरती सगळी."

"ठेव तो डबा. चातुर्मास हाय. आमच्या जैनांत बुरशी आधी धरूच द्यायची न्हाय. धरू दिऊन मग मारत बसायचं, ह्ये आळशाचं काम. आधी पाणी कुठं आडलंय ते बघ."

भरमू पारिसाकडं बघून हसला आणि गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं खालनं पारिसाला हाक आली, "आण्णा, नळी गच्च हाय. माती भरलीया. तार द्या, खुपसतो."

"थांब रं!" मी ओरडले. "कसली माती?"

"गोल हाय. कुंभारमाशीनं घर केलंय वाटतं."

"भोक पडलंय का बंद हाय?"

"बंद हाय की."

"मग आत लेकरू आसंल. तार घालशील तर बघ!"

"आक्का, मी गाडीखाली उताणा पडलोय आन् तुमी माशीचं बाळंतपण काढलंय व्हय?"

"घरात एक बाळंतपण यायचंच हाय, दोन होऊ देत. नळीचं टोक काप तेवढं बोटभर, घरासकट."

कुरकुरत त्यानं कापलं. आणि अहो, जे पाणी सुटलं! तांब्याभर काळं पाणी थेट भरमूच्या मानेवर. चंदना पदर तोंडाला लावून आत पळाली. मी मात्र उभी राहून बघितलं. ते पाणी बघायला मी इतके दिवस थांबले होते. नळीचं टोक मी परसातल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवलं, मुंग्या लागणार न्हाईत असं.

भरमूनं मग पुढचा कप्पा काढून आतली एक चौकोनी जाळी ओढली. काळी कुळकुळीत. पानं, धूळ, पाखराचं पीस.

"हे काय रं?"

"फिल्टर, आक्का. हवा गाळून आत येती ह्यातनं. आण्णा, कधी बदललाता?"

पारिसा आभाळाकडं बघायला लागला. गाडी घेऊन चार वर्षं झाली.

"पाणी गाळल्याबिगर पीत न्हाय आपण," मी म्हटलं, "आन् गाळणं चार वर्षं धुतलं न्हाईस? ह्यातनं गाळून माझ्या लोणच्याला नाव ठेवलंस?"

नवा फिल्टर बसला. आतलं जेवढं हाताला लागलं तेवढं भरमूनं पुसून काढलं. मग गाडी उन्हात लावून, काचा खाली करून, गरम हवा चालू ठेवायला मी सांगितलं. बरणी भरण्याआधी वाळवतो तशी. मॅट दोरीवर. भरमू म्हणाला, "माझा डबा तसाच ऱ्हायला की. आक्का, तुमी दुकान बुडवणार माझं." त्याला मान पुसायला टॉवेल दिला आणि वाडगाभर लोणचं.

जाता जाता तो पारिसाला एक सांगून गेला: उतरायच्या आधी दोन-तीन मैल एसी बंद करायचा, नुसता पंखा ठेवायचा, आतली ओल वाळते. मी म्हटलं, ओल्या भांड्यावर झाकण ठेवू नये, हे मी पारिसाला चाळीस वर्षं सांगतेय.

रविवारी बरणी पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून. मी आणि चंदना मागं. बोरगाव मागं पडलं, सदलगा जवळ आलं तसा मी पारिसाच्या खांद्याला हात लावला. त्यानं मुकाट्यानं एसी बंद केला.

ओटी भरली, जेवणं झाली. वाढायला मी स्वतः होते. पंगतीत सगळ्यांच्या पानात लोणचं पडलं, पारिसाच्या पानापाशी माझा डाव सरळ पुढं गेला. व्याहीणबाईंनी ते बघितलं. त्या कानडीत हसल्या, मी मराठीत.

निघताना क्षमा गाडीपाशी येऊन थांबली. नाकाला पदर लावलेला. पारिसाचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरागत. तिनं दार उघडलं, आत वाकली, पदर काढला. एसी लावायला सांगितला. एक मिनिट, दोन मिनिटं.

"आप्पा, वास कुठं गेला?"

"गेला," पारिसा म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "लोणच्याचा नव्हताच तो. माझं चुकलं."

ती पुढं बसली आणि बरणी मांडीवर घेतली. सासूला दोन वाडगे देऊन उरलेली बरणी ती परत माहेरी घेऊन निघाली होती. वेशीबाहेर पडलो न पडलो तोच झाकण उघडलं. सगळ्या गाडीत मोहरी आणि हिंग घमघमलं.

"क्षमा, गाडीत नको गं..." पारिसा म्हणाला आणि आरशात माझं तोंड दिसल्यावर तिथंच थांबला. थोडं अंतर गेल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, हात पुढं केला.

"एक फोड दे की."

"हात कोरडा हाय का बघ आधी," मी मागनं म्हटलं.