पाचही बाजू सारख्या

आमचं जेवणाचं टेबल पंचकोनी होतं. बाबा ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. ते टेबल त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरी केलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. जुन्या चौकोनी टेबलावर आई आणि आत्या समोरासमोर यायच्या, आणि घास गिळायच्या आत दोघींची जुंपायची.

"पंचकोनात बाजूसमोर बाजू येतच नाही. कोपरा येतो," बाबांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. "कोपऱ्याशी कोण भांडणार?"

"मी भिंतीशीसुद्धा भांडेन," आत्या म्हणाली.

मधल्या बिंदूभोवतीचा पूर्ण फेरा तीनशे साठ अंशांचा. त्याचे पाच सारखे वाटे केले की प्रत्येकी बहात्तर. बाबांनी तसे पाच त्रिकोणी तुकडे कापले आणि मग हौसेने रंधा मारत बसले. प्रत्येक कडेवर बाहेरच्या टोकाकडे रंधा केसभर जास्त फिरला. तुकडे जोडले तेव्हा मध्यभागी सगळं घट्ट होतं, पण शेवटच्या सांध्यात बाहेरच्या कडेला बोटभर फट उरली.

"जन्मभर लोकांचे साचे केलेस, आणि घरचं टेबल फाटकं?" आत्याने संधी सोडली नाही.

बाबांनी काळसर लाकडाची एक निमुळती पट्टी तासून फटीत ठोकली आणि स्वतःची खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "चूक माझी आहे, माझ्या कोपराखाली राहू दे."

त्यानंतर आई, बाबा, आत्या, दादा आणि मी, आम्हा पाचांच्या जागा कधी बदलल्या नाहीत.

बाबा गेले. आई आणि आत्या दादाकडे राहायला निघाल्या. दादाच्या घरी टेबलासाठी भिंतीलगतची जागा होती.

"बाबांची बाजू भिंतीला लावू," तो हळूच म्हणाला. "तशीही..."

आईने मान डोलावली. मी वर्षातून थोडे दिवस येणारी, मला कुठल्या तोंडाने नको म्हणता येणार होतं? पण बाबांची जागा भिंतीकडे तोंड करून राहणार, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

सामान लागलं त्या दिवशी मी गेले. दादाने आईला आनंद व्हावा म्हणून टेबल सुटं करून घासून पॉलिश करून आणलं होतं. चहाच्या कपांची वर्तुळं गेली, माझ्या कर्कटकाची भोकं बुजली. पाच तुकडे जमिनीवर चकाकत पडले होते.

"यातला बाबांचा कुठला?" मी विचारलं.

दादाने एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. "पट्टी असलेला."

"पट्टी कुठाय?"

"ती वेगळी निघाली. चिपाट वाटलं गं मला, जुन्या घरीच..." त्याचा चेहरा उतरला.

आम्ही तुकडे फिरवून पाहिले. सगळ्यांच्या बाजू सारख्या, सगळ्यांचे कोन सारखे. कसेही लावले तरी तोच पंचकोन, आणि कुठेतरी तीच फट.

"मग भिंतीला कुठली बाजू लावणार?" वहिनीने विचारलं.

"माझी बाजू लावा," आई म्हणाली.

"हो, म्हणजे उपाशी राहून नाव माझं वाईट करशील! माझी लावा," आत्या म्हणाली.

"वन्सं, तुमची कुठली ते तरी माहीत आहे का?"

आत्याने आपली पिशवी जवळ ओढली आणि रुमालात गुंडाळलेली काळसर पट्टी काढली. "टाकून देणार होता हा. फाटकं टेबल, पण ठिगळ तरी नको का?"

आईने ती हातात घेतली. बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

"टेबल मधोमध ठेव," ती दादाला म्हणाली.

"आई, मग यायला-जायला आडवं होऊन जावं लागेल."

"जाऊ की."

दादाने तुकडे जोडले. आत्या, आई, दादा आणि वहिनी आपापल्या सोयीने बसले. एक बाजू उरली. तिच्या उजव्या सांध्यात फट ठेवली होती, बाबांच्या वेळी होती तशीच. आईने पट्टी तिथे टेकवली आणि लाटण्याने हलकेच ठोकली.

"उभी काय राहिलीस?" ती मला म्हणाली. "बस."

मी बसले. पट्टी अजून जरा वर राहिली होती. कोपराला टोचत होती.