बाईंचा निरोप

गोडादरा वस्तीत कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या कुंदनला वाचता येत नव्हतं. मुलगी योगिता पहिलीत गेली, तेव्हापासून दीप्तीबाई वर्गात काय शिकवलं ते पालकांच्या ग्रुपवर लिहीत आणि कुंदन उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवी. असाच एक निरोप न कळल्याने त्याची पालकसभा चुकली, तेव्हा त्याने शाळेत जाऊन बाईंना खरं सांगून टाकलं.

"मग मी बोलूनच पाठवत जाईन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बाईंचा बोललेला निरोप आला. खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून तो कारखान्याबाहेर आला. बाई चक्क त्याच्या घरच्या अहिराणीत बोलत होत्या, "आज योगितानी सोतानं नाव लिखं. घर वनी की तिले इचारा."

लेकीने स्वतःचं नाव लिहिल्याचं ते बोलणं कुंदनने तीनदा ऐकलं. मग जरा लाजतच त्यानेही आपली विनंती बोलून पाठवली, "बाई, माले बी तिनं नाव लिखाले शिकाडा."