रांगोळीतला पंजा

मुलुंडला आमच्या सोसायटीची मागची भिंत खाडीच्या तिवरांना लागून आहे. तिच्यातलं भगदाड बुजवायला आज गवंडी आला होता. पंपघरामागे कोल्हिणीची पिल्लं आहेत आणि ती त्याच भगदाडातून त्यांच्याकडे येते, असं मी कधीपासून सांगत होते. चेअरमन सीतारामकाकांना ते पटत नव्हतं.

"भटकी कुत्री आहे गं ती, तेजल. कोल्हे काय मुलुंडला फ्लॅट घेणार?"

काल संध्याकाळी मी भगदाडाशी रांगोळीचा पातळ थर पसरून ठेवला होता. सकाळी त्यात पंजे उमटलेले होते. शेजारी मी काकांच्या कुत्र्याचा, मोतीचा पंजा उमटवून घेतला आणि काकांना वाकून बघायला लावलं.

"मोतीची बोटं सगळी सुटी आहेत. इथे मधली दोन मागच्या बाजूला जुळलेली आहेत. असा पंजा कोल्ह्याचा."

काकांनी चष्मा पुसून दोन्ही ठसे पुन्हा पाहिले. मग गवंड्याला म्हणाले, "सिमेंट गच्चीच्या डागडुजीला ने रे. पिल्लं मोठी होईपर्यंत भिंत राहू दे अशीच."

वरून गॅलरीतून चंपाकाकू म्हणाल्या, "लग्नानंतर आज पहिल्यांदा यांना वाकताना बघितलं. तेजल, अजून रांगोळी हवी तर घेऊन जा गं."