पाळण्यातलं नाव

“ए, तुझं पाळण्यातलं नाव काय रे?” असं मी डोंगराला विचारलं, कारण माझ्या मैत्रिणींनी, कांचन आणि हिरानं, विचारून दाखवायची पैज लावली होती. डोंगर खाली वाकला नि म्हणाला, “हळू बोल. वर ये, कानात सांगते.”

“सांगते म्हणाली!” कांचन किंचाळली. “अगं, बाई आहे ही!”

गावाबाहेरच्या पाटीवर तिचं नाव ‘हॅरिस पीक’ आहे. माझे बाबा ट्रेकवाल्यांना वर नेतात, तेही हेच म्हणतात. पाहुण्यांना सोपं पडतं.

त्या रविवारी चार बस आल्या होत्या. मी चढायला लागले, तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, “हॅरिस पीक!” ती पुरुषभर खचली. मग चारही बस ओरडायला लागल्या. एरवी माथ्यावर पोचायला मला दोन तास लागतात. मी पाण्याचा एक घोट घेतला, तर माथा आला. दुसऱ्या घोटाला ती माझ्या कमरेएवढी होती. ट्रेकवाले शेजारीच उभे राहून तिला शोधत होते.

मी वाकून कान लावला.

“झिपरी?” मला हसूच आवरेना. खरंच की, डोक्यावर सगळं पिंजारलेलं गवत! “झिपरे!”

ती लगेच वीतभर वाढली. लाजलीही.

“अशी हाक मारणारं कुणी उरलं नाही,” ती म्हणाली. “अजून तीन बस यायच्यात. मग मी संपले.”

“संपतेस कशी! चल.” मी तिला कडेवर घेतलं आणि घरी आणलं.

आई पिठलं ढवळत होती. तिनं झिपरीला हात लावून बघितलं. “शेवंते, केवढी गार पडलीय ही! वाऱ्यातून आणलीस ना? टोपडं घाल आधी.”

बाबा दारात आले. “अरे, हॅरिस पीक इथं कशी?”

झिपरी माझ्या मुठीएवढी झाली.

“बाबा! झिपरी म्हणा ना!”

“जीभ वळत नाही गं. वीस वर्षं तेच म्हणतोय.”

मी तिच्याभोवती मूठ मिटली. बोटांच्या फटींतून गवत बाहेर आलं.

“आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या मी हिचं शाळेत नाव घालणार. हजेरीला रोज ‘झिपरी’ म्हणून पुकारतील. आणि बाबा, वडलांचं नाव म्हणून तुमचंच देणार आहे.”

बाबांनी तोंड उघडलं, जीभ वळवून पाहिली. “झि... झिप...”