दोन माणसांचे शेत

अंगणात घागर पुन्हा सांडली आणि त्या घरातला रोजचा वाद सुरू झाला.

"पाय ओढत काय चालतेस?" बाप म्हणाला. "पाऊल नीट उचललं तर काही झिजणार आहे का?"

अकरा वर्षांची मुलगी खाली बसून घागर सावरू लागली. तिची आई टाकीच्या कठड्यावर कंद सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "अहो, पिंढऱ्या ताठतात म्हणते. परवापासून सांगतेय."

"कामाच्या वेळेलाच बऱ्या ताठतात."

बाप कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, शेतकरी होता. तरुणपणी त्याने गवंडीकाम केले होते, आणि त्या कामातली दोरी आणि ओळंबा अजूनही त्याच्या कमरेला असे. लागवडीची प्रत्येक ओळ तो दोरी ताणून आखी, कुंपणाचा प्रत्येक खांब ओळंब्याने तपाशी. त्यामुळे सगळे गाव त्याला ओळंबाच म्हणे. त्याच्या शेतात साप शिरला तरी सरळ रेषेत जातो, अशी शेजाऱ्यांची थट्टा होती. तो ती कौतुक समजून ऐकून घेई.

त्याच्या शेतीत खोट काढायला जागा नव्हती, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. निरोगी झाडांच्या काड्या निवडून तो लावणीला घेई. दोन झाडांत योग्य अंतर ठेवी. तण वेळेवर काढी. ज्याला उंदीर आणि रानडुकरे तोंड लावत नाहीत असा कडू वाण त्याने विचारपूर्वक निवडला होता. शेजारच्या कोणत्याही शेतापेक्षा त्याच्या जमिनीतून अधिक कंद निघत.

चूक बांधाबाहेर होती. त्या भागातली रीतच अशी होती की बांधाच्या आत राबतो तो शेतकरी, आणि बांधाबाहेर होते ते घरकाम. कंद उपटून अंगणात टाकले की पुरुषांचे शेत संपले. पुढे ते सोलायचे, चिरायचे, तीन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी बदलायचे आणि उन्हात वाळवायचे. कडू कसाव्यात मुळातच विष असते आणि ते या खटाटोपाशिवाय निघत नाही. हा सगळा खटाटोप बायको आणि मुलगी करीत असत. त्याला कोणी काम म्हणत नसे.

उत्पादक संघाने त्या वर्षी कमी मनुष्यबळात अधिक पीक काढणाऱ्याला मानपत्र देण्याचे जाहीर केले. तपासनीस आले. शेत पाहून खूश झाले आणि ओसरीवर बसून त्यांनी विचारले, "एकूण किती माणसं राबतात इथे?"

"दोन," ओळंबा म्हणाला. "मी आणि एक गडी."

पाण्याचा पेला तपासनिसांच्या हातात बायकोनेच दिला होता. तिने उत्तर ऐकले आणि ती परत टाकीकडे गेली.

त्याच सुमारास पिठाच्या कारखान्याने भिजवून वाळवलेल्या कापांची मागणी वाढवली. ओळंब्याने आणखी जमीन लागवडीखाली आणली. अंगणातल्या टाक्या मात्र तेवढ्याच राहिल्या आणि सोलणारे हातही तेवढेच राहिले.

"अहो, दोन्ही टाक्यांत कारखान्याचा माल आहे," बायकोने विचारले. "घरचे कंद कुठे भिजवू?"

"बादलीत भिजव. एक रात्र पुरे."

"कडू आहेत ते. तीन दिवस लागतात."

"आपण काय आज खातोय? पोटाला सवय आहे. आणि तुझा हात जरा भरभर चालू दे, म्हणजे सगळंच वेळेवर होईल."

तिने बादली पुढे ओढली. घरात सुकी मासळी थोडी येई. ती त्याच्या ताटात पडे, कारण शेतात तो राबत होता. मायलेकी त्या बादलीतल्या कंदांच्या पिठावर दिवस काढत.

घागर सांडल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी अंथरुणातून उठलीच नाही. उठायला गेली आणि दोन्ही पाय लाकडासारखे ताठून ती बाजूला कोसळली. घाबरून तिने आईला हाक मारली. नंतर वडिलांकडे पाहत म्हणाली, "मी नाटक करत नाही, बाबा."

ओळंब्याची मोठी बहीण जवळच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती. निरोप मिळताच ती आली. तिने भाचीच्या गुडघ्याखाली हाताच्या कडेने हलकेच टपली मारली. पाय झटक्याने उडाला आणि बराच वेळ थरथरत राहिला. दुसऱ्या पायाचेही तसेच झाले. तिने चादर नीट ओढली आणि भावाकडे वळून विचारले, "घरचे कंद किती दिवस भिजवता?"

ओळंबा बायकोकडे पाहू लागला.

"एक रात्र, वन्सं," बायको म्हणाली.

"एक रात्र?" ओळंबा उसळला. "अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं."

बाहेर टाकीत पाणी ठिबकत होते, ते ऐकू येत होते.

"ताई, म्हणजे पोरीला मी विष घातलं म्हणतेस?" त्याने विचारले.

"घातलं नाहीस. काढायला वेळ दिला नाहीस. त्यात वाढत्या अंगाची पोर, तिच्या पोटात ना मासळी, ना डाळ. विषाशी झगडायला अंगात काही लागतं की नाही?"

"पण शेत तर मी एवढं नीट..."

"शेत नीटच आहे तुझं. कमी माणसांत जास्त पीक काढलंस, सगळीकडे नाव झालं. ती कमी माणसं मोजली कोणी? ही पहाटेपासून सोलत बसते, ती माणसांत धरलीस का? पोर शाळेतून आली की पाणी ओढते, ती धरलीस का? अरे, जे काम तू मोजलं नाहीस, ते वाढलं तरी तुला दिसणार कसं? शेत वाढवलंस तेव्हा यांच्या दिवसाला काही जादा तास फुटले नव्हते. कारखान्याच्या मालातला वेळ कमी करता येत नव्हता. कमी झाला तो पोरीच्या घासातला."

"औषध सांग, ताई. लागेल तिथून आणतो."

"याला औषध नाही." तिचा आवाज प्रथमच खाली आला. "आता जेवण सुधारलंत तर याहून बिघडणार नाही बहुधा. पण गेलं ते परत येत नाही. काठ्या घेऊन चालेल."

त्या दिवशी बायको मुलीजवळून हलली नाही. अंगणात कंदांचा ढीग पडून होता. ओळंबा सुरी घेऊन त्याच्यासमोर बसला.

"मालक, धार वरच्या अंगाला आलीय," गडी हळूच म्हणाला.

त्याने सुरी फिरवून धरली. ऊन डोक्यावर आले तेव्हा तळहाताला फोड आले होते, पाठ धरली होती आणि ढीग निम्मासुद्धा उतरला नव्हता. मुलीला झोप लागल्यावर बायको बाहेर आली आणि समोर बसून सोलू लागली. त्याचा एक कंद होईपर्यंत तिचे तीन होत.

"रोज एवढं असतं?" त्याने विचारले.

"हे कमीच आहे. कारखान्याची लॉरी येते तो दिवस तुम्ही पाहिलेला नाही."

पुढच्या आठवड्यात तपासनीस दहा-बारा शेतकऱ्यांना घेऊन आले. बांधावर उभे राहून ते सांगू लागले, "नीट पाहून घ्या. हे फक्त दोन माणसांचं शेत आहे."

"नाही," ओळंबा म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं. चार माणसांचं आहे. दोघी बांधाबाहेर राबत होत्या, मी त्यांना धरलंच नाही. त्यातली एक आता चालू शकत नाही."

तपासनीस गोंधळले. "अहो, पण घरची माणसं कोणीच धरत नाही. तसं धरलं तर मानपत्र..."

"दुसऱ्या कोणाला द्या. फक्त देण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारा, खायचे कंद किती दिवस भिजतात."

आलेल्यांपैकी एकजण सर्वांच्या आधी, घाईघाईने घरी निघून गेला.

ओळंब्याने लागवड कमी केली. एक टाकी केवळ घरच्या कंदांसाठी ठेवली. सोलायला मजूर लावला आणि स्वतःही बसू लागला. मासळीचे तीन वाटे होऊ लागले. बायकोने या कशाबद्दलही त्याचे कौतुक केले नाही, आणि त्यानेही ते अपेक्षिले नाही.

वाचकहो, शेत असो, कारखाना असो की कचेरी, थोड्या माणसांत मोठे काम झाल्याचे ऐकले की आपण टाळ्या वाजवतो. त्याआधी एक चौकशी करणे हे आपणा सर्वांचे नागरिक म्हणून कर्तव्य आहे. कोणाचे श्रम मोजायचे राहिले आणि त्यांची भरपाई कोणाच्या शरीरातून झाली, हे विचारले पाहिजे. ज्या हिशेबात घरातल्या बाईचे हात धरलेले नाहीत, तो कार्यक्षमतेचा हिशेब चुकलेला आहे.

घराच्या दारापासून टाकीपर्यंत ओळंब्याने मुलीच्या हाताच्या उंचीवर बांबूचा कठडा बांधला. प्रत्येक खांब ओळंबा सोडून तपासला. एका हातात काठी आणि दुसरा हात कठड्यावर, अशी ती चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत टाकीपर्यंत गेली.

"सरळ झालाय ना, बाबा?" तिने विचारले.

"सरळ आहे," तो म्हणाला.

कठडा खरोखरच सरळ होता. तिच्या पावलांनी मातीत ओढलेल्या रेघा मात्र वाकड्यातिकड्या होत्या, आणि त्या सरळ करील असे अवजार त्याच्या कमरेला नव्हते.