नव्या पायताणाला तेल

केरबाआण्णांनी मिशीची शपथ घेतली आणि जोतीरामच्या तोंडचं पाणीच पळालं. साधीसुधी मिशी नव्हती ती. अख्ख्या पेठेत तिला मान होता! "पुन्यांदा ह्या लाल डब्यात बसलो, तर मिशी उतरवीन," असं आण्णा जोतीरामला, आपल्या पोराला, म्हणाले, आणि तेही उसाच्या फडातून बाहेर येता येता, दहा-बारा माणसांदेखत.

खोटं कशाला बोला, चूक जोतीरामचीच. उद्यमनगरात लेथवर दहा वर्षं घासून गड्यानं जुनी, दोन दारांची लाल हेराल्ड मोटार घेतली. गाडी कसली, उधळलेलं खोंडच! पण टायर झिजून गुळगुळीत, आणि हा बापाला रुबाब दाखवायला वळणावर सुसाट सुटला. गाडी गर्रकन फिरली ती थेट उसात.

आता आली का पंचाईत! आई बयाबाईनं जोतिबाला बोललेलं, 'पोराची गाडी आली की जोडीनं डोंगरावर येऊ.' जोडीचा नवस एकट्यानं फिटतोय व्हय? शिवाय नवस राहू दे बाजूला, बाप आपल्या गाडीत बसत नाही हे जोतीरामला जेवताना घास उतरू देत नव्हतं.

शेवटी त्यानं युक्ती काढली. "आण्णा, नवं टायर घालतोय. तुमीच निवडा. बसू नका, पर निवडा तरी!"

निवडायचं म्हटल्यावर आण्णा कशाला मागं राहतायत? स्टेशन रोडला त्र्यंबकरावांच्या टायरच्या दुकानात ते चालत गेले, आणि जोतीराम त्यांच्यामागून पहिल्या गिअरात.

त्र्यंबकरावांनी दोन टायर पुढं ठेवले. एक नेहमीचा, उंच, ताठ. दुसरा नवीनच निघालेला, रेडियल. रुंद, बसका.

"हवा कमी हाय ह्यात," आण्णा म्हणाले. "पोट सुटलंय बघा."

"पोट न्हवं आण्णा, बैठक हाय!" त्र्यंबकराव तापले. "पैलवान कुस्तीत ताठ उभा ऱ्हातोय का वाकून? ह्यो वळणावर रस्त्याला चिकटून ऱ्हातोय. भिजल्या रस्त्यावर तर सोडतच न्हाय."

आण्णांनी अंगठा दाबून पाहिला. वास घेतला. चप्पल घेताना तळ चाचपतात तसा हात फिरवला.

"तळवा रुंद हाय," आण्णा शेवटी बोलले. "हेच पायताण घाल गाडीला. मी बसणार न्हाय, ते वायलं."

शनिवारी दुपारी चारी टायर चढले. जोतीराम असला हरखला की गाडीभोवती सतरा फेऱ्या मारल्या. रविवारी सकाळी अंघोळ करून, लिंबू फोडून तो गाडीत बसला. आण्णांना एकदा पकड दाखवावी, मग बघू कसे बसत नाहीत! गल्लीचा चढ समोर, आण्णा आणि बयाबाई उंबऱ्यावर. त्यानं गाडी सोडली.

चाकं जागेवरच गरागरा फिरली. गाडी पुढं जायची सोडून मागं निघाली! ब्रेक मारला तरी निघालीच, अगदी सावकाश, आणि शेजारच्या धोंडुबाईच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसली.

"आगं बया!" धोंडुबाई ओरडली. "ह्याला दार सापडंना व्हय?"

जोतीराम उतरला. संपलं सगळं. आता आण्णा ह्या जन्मी बसत नाहीत. डोळे भरून आले बिचाऱ्याचे. टायरला हात लावला तर बोटं बुळबुळीत. नाकाशी नेली. एरंडेल!

"कुणी लावलं हे?"

आण्णा आभाळाकडं बघत उभे.

"आण्णा?"

"मग काय करायचं?" आण्णा उसळले. "नव्या पायताणाला तेल लावाय नगं? चावंल न्हाय तर! काल सांजंला चांगलं चोळून चोळून मुरवलंय. चारी टायरांस्नी!"

जोतीरामला हसावं का रडावं कळेना. बयाबाई मात्र कमरेवर हात ठेवून नवऱ्यापुढं गेली. "बसायचंच न्हवतं, तर तेल कशापायी लावलंसा?"

आण्णांचे कान लाल झाले, आणि जोतीरामला असलं हसू फुटलं की तो कडब्यातच बसला. धोंडुबाई हसली, गल्ली हसली.

आण्णांनी धोतर खोचलं, रिठ्याचं पाणी आणून चारी टायर स्वतः घासले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "पायताण बदललं की चाल बदलती," ते म्हणाले. "ही गाडी ती न्हवंच. शपथ लागू न्हाय. चल!"

जोतिबाच्या घाटात जोतीराम जपून चालवत होता. पहिलं वळण गाडीनं चिकटून घेतलं. दुसरंही. तिसऱ्याला आण्णा म्हणाले, "बैलगाडी हाय का रं ही? दाब की जरा!" जोतीरामनं दाबलं. बयाबाई मागच्या सीटवरून "चांगभलं!" ओरडत होती, भीतीनं का आनंदानं, तिचं तिला ठाऊक.

वर गुलाल झाला, नवस फिटला. उतरून पायथ्याला आले तशी आण्णांनी हाक दिली, "थांब!"

जोतीरामनं कचकन ब्रेक मारला. आण्णा खाली उतरले. चारी टायर एकेक करून थोपटले. परत येऊन बसले आणि गुलालानं माखलेल्या मिशीवर ताव देत म्हणाले, "परत वर घे गाडी. देवाला मिशीचं सांगायचंच ऱ्हायलं."